एकोणीस

हात थरथरत नव्हता.
हे आधीच सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात.
एकतिसाव्या तासालाही मालखाझ कोबालियांची बोटं
तशीच होती, सुईच्या नेढ्याएवढ्या जागेत शिरून
गाठ मारून बाहेर येणारी.

कुताइसीत त्या रात्री बर्फ पडून पुन्हा गोठला होता.
रिकोतीच्या घाटात एक मिनीबस उलटली
आणि आमच्या दारात स्ट्रेचरमागून स्ट्रेचर.
तीन झाली. हा चौथा,
सतरा वर्षांचा, पानथरी फुटलेली,
खिशात सूर्यफुलाच्या बिया.
त्याच्या वाटचा श्वास मशीन घेत होतं.

बावीस वर्षं मी त्यांना अवजारं देते आहे.
मागायच्या आत हात पुढे करते.
त्या रात्री त्यांनी चिमटा मागितला
आणि चिमटा त्यांच्याच हातात होता.
त्यांनी पाहिलं. हसलेही नाहीत.
मग मुलाचं नाव विचारलं.
दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं.
‘गेदेवान,’ मी म्हटलं, दोन्ही वेळा,
जणू पहिल्यांदाच सांगते आहे.

पोट शिवायच्या आधी मी गॉझच्या घड्या मोजल्या.
वीस दिल्या होत्या.
‘एकोणीस,’ मी म्हटलं.
‘वीस आहेत. मी पाहिल्यात.’

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.
स्वच्छ. धुऊन वाळत घातल्यासारखा.
हा माणूस घरचा गॅस बंद केला का ते बघायला
अर्ध्या रस्त्यातून परत जातो.
टाका घातला की मान वळवून विचारतो,
‘त्सिसाना, बघ गं, ठीक आहे ना?’
शंका हाच त्यांचा तिसरा हात होता.
थकवा बोटांना शिवलाही नव्हता,
आत शिरून त्यानं नेमकी तीच खाल्ली होती.

‘एकोणीस.’
भूल देणाऱ्या नानुलीनं घड्याळाकडे पाहिलं.
समोर शिकाऊ तोर्निके
या पायावरून त्या पायावर.
‘सुई दे.’
मी सुई दिली नाही.
बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात मागे राहिला.

लहानपणी बेरजेत मी हातचा विसरायचे.
आई वहीवर बोट आपटायची,
हातचा कुठे गेला? हातचा?
भलत्या वेळी भलतं आठवतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.
त्या दिव्याखाली वेळ वाहत नाही, साचतो.
मग त्यांनी हात पुन्हा आत घातला,
वैतागून, मला खोटं पाडायला,
आणि यकृताच्या मागून काढली
विसावी,
भिजून भिजून मांसाच्याच रंगाची झालेली.

ताटलीत ठेवली.
तिच्याकडे बघत राहिले.
‘तोर्निके, तू शिव. त्सिसाना सांगेल तसं.’
हातमोजे उतरवले. बोटं अजूनही स्थिर.
त्यांनी ती तोंडासमोर धरली,
दुसऱ्या कुणाची वस्तू
चुकून आपल्याकडे आल्यासारखी.

पहाटे ते बाहेरच्या बाकावर
बसल्या बसल्या झोपले होते,
मुठीत घेवड्याच्या पुरणाची गार पोळी,
एकच घास तोडलेली.
आत गेदेवान पाणी मागत होता.

मी घरी निघाले.
रिओनी आटलेली, पुलाखाली पांढरे दगड,
त्यांच्यावर बर्फ, कुठला दगड कुठला बर्फ कळेना.
आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं घातल्याशिवाय हलत नाही.
नाणं नव्हतं. जिना चढले,
मोजत. ती सवयच आहे.
चौसष्ट भरल्या.

रोज पासष्ट असतात.
कुणीतरी एक पायरी काढून नेली असणार, म्हटलं,
आणि कुलपात किल्ली फिरवली.
मला तिळमात्र शंका आली नाही.